झिलबानं वळवलेली होडी

ऐकायला बसलात तर शेवटपर्यंत बसा. ही गोष्ट अर्धी ऐकून उठलेली माणसं खोताची बाजू घेतात, असा आमच्याकडचा अनुभव आहे.

फार वर्षांपूर्वी, धामोळीच्या खाडीवर पूल नव्हता आणि पैलतीरावरचं माणूस हाकेवरूनच ओळखावं लागे, तेव्हा सुरंगबंदर गावात झिलू नावाचा एक खारवी राहत होता. पुढे त्याला सगळे झिलबा म्हणू लागले. त्याची आई मासळी घेऊन बाजाराला निघाली होती, आणि भर खाडीत, होडीतच तो जन्मला. असं म्हणतात, की लाटेनंच त्याला पहिली आंघोळ घातली, आणि रडायच्याही आधी त्यानं मूठ वळून होडीची कड धरली.

तो मोठा झाला तसे त्याचे खांदे वाढले. त्याच्या हाताचं वल्हं दुसऱ्याला उचलवत नसे. तो वल्हं मारी तेव्हा पाण्याला खळगा पडे, आणि तो खळगा भरून यायच्या आत होडी पुढच्या वळणावर गेलेली असे. काठावर धुणं धुणाऱ्या बाया लाट आली की लुगडी सावरत आणि म्हणत, "झिलू गेलो वाटता." बघायला मान वर करावी तर झिलू दिसत नसे. असं म्हणतात.

आता शर्यतीचं ऐका. दर वर्षी त्रिपुरी पौर्णिमेला दुपारच्या भरतीवर खाडीत शर्यत होई. खाडीच्या मुखाशी कावळखडक आहे, तिथून सुटायचं आणि सुरंगबंदरच्या धक्क्याला लागायचं. पाच गावांच्या पाच होड्या, एकेका होडीत आठ वल्हेकरी. जी होडी पहिली येईल त्या गावाला वर्षभर मुखाचा मान. म्हणजे काय, तर समुद्रातली मासळी भरतीबरोबर जिथून खाडीत शिरते तिथे पहिलं जाळं त्या गावानं लावायचं. गावानं, म्हणजे सगळ्यांनी मिळून. वाडवडिलांनी ठरवलं होतं ते असं.

पण सुरंगबंदरला रावजी खोत होता. एका वर्षी त्यानं शर्यतीसाठी होडी बांधून दिली. गावानं त्याचे उपकार मानले. होडी जिंकली, आणि खोत धक्क्यावर उभा राहून म्हणाला, "होडी माझी, तर मान माझा." कुणी काही बोललं नाही. घरं त्याच्या जागेवर, माड त्याच्या जागेवर, बोलणार कोण? त्या दिवसापासून मुखाशी जाळं लावायचं तर खोताला विचारून, आणि मिळालेल्या मासळीतली निम्मी खोताच्या अंगणात. बाकीच्या चार गावांनाही तोच कायदा. भरती चंद्रानं आणायची, मासळी समुद्रानं द्यायची, जाळं खारव्यानं ओढायचं, आणि निम्मी खोताची! का, तर त्यानं कधीकाळी चार फळ्या दिल्या होत्या.

आणि ती होडी जिंकून कोण देई? झिलबा.

वर्षामागून वर्षं तो जिंकत राहिला. पहिल्या बाकावर तो आणि त्याचा जिवलग सोबती पांडू, मागे बाकीचे सहा. धक्क्यावर खोतासाठी खुर्ची मांडलेली असे, वर छत्री धरलेली असे. भाट यायचा आणि ओरडून सांगायचा, "रावजी खोतांनी शर्यत मारली!" मानाचा शेला खोताच्या खांद्यावर पडायचा. ज्या खांद्यांनी होडी ओढून आणली ते खांदे चिखलाच्या पायरीवर उभे, हातात गुळाचा एकेक खडा. खोतानं उभ्या जन्मात वल्हं धरलं नव्हतं हो! होडीत बसला तर त्याला मळमळायचं.

झिलबाला याचं काही वाटत नसे. तो भोळा होता. लोक 'वा झिलबा' म्हणत, तेवढ्यावर तो खूश असायचा. खडा तोंडात टाकायचा आणि घरी जायचा.

मग एका पावसाळ्यात पांडू तापानं गेला. त्याची बायको सरसोती दोन लेकरांना घेऊन मागे राहिली. तिनं नवऱ्याचं जाळं उचललं आणि स्वतः मुखाशी लावू लागली. खोताची माणसं आली, निम्मी मासळी घेतली. ती म्हणाली, "निम्म्यात माझी पोरां जगाची नाय." तेव्हा त्यांनी उरलेली निम्मीही घेतली, आणि बोलली म्हणून जाळं कोयत्यानं फाडलं.

त्या वर्षीची त्रिपुरी आली. झिलबा पुन्हा जिंकला. शेला खोताच्या खांद्यावर पडतोय, भाट ओरडतोय, आणि गर्दीतून सरसोती पुढे आली. तिच्या हातात पांडूचं फाटकं जाळं होतं. खोताकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. ती सरळ झिलबासमोर जाऊन उभी राहिली.

"झिलू भावजी," ती म्हणाली, "तुमका तुमच्या दंडांचो लय अभिमान ना? त्याच दंडांनी माझ्या पोरांच्या तोंडातलो मासो काढून खोताच्या ताटात घातलात. पुढच्या वर्सा आजून जोरान ओढा."

झिलबानं आपल्या हातांकडे पाहिलं. असं म्हणतात, की त्याच्या मुठीतला गुळाचा खडा त्या घटकेला वितळून पाणी झाला आणि बोटांमधून गळून गेला. तो घरी गेला आणि भिंतीकडे तोंड करून निजला. इतकी वर्षं कोणासाठी घाम गाळला ते त्याला आता कळलं. लाज वाटली, आणि लाजेच्या मागोमाग राग आला. तो राग मग जन्मभर गेला नाही.

दुसऱ्या दिवशी तो खोताच्या ओसरीवर गेला. उंबऱ्याबाहेर उभा राहिला, पण मान ताठ.

"खोतानू, मुखाचो मान गावाचो. तो गावाक परत देवा. नायतर मी तुमच्या होडीत बसूचंय नाय."

खोत पान चघळत होता. त्यानं पिंक टाकली आणि म्हणाला, "नको बसूस. मग कुठल्याच होडीत बसायचं नाही."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी होड्या किनाऱ्यावर ओढून घ्यायचं काम निघालं. खोताच्या होडीला वरून दोर बांधला होता, माणसं दोर धरून होती आणि झिलबा खालून खांदा देत होता. ते गावकाम होतं, म्हणून तो आला होता. होडी अर्ध्या चढावर आली आणि दोर सुटला. भरल्या लाकडाची ती होडी झिलबाच्या उजव्या खांद्यावर येऊन बसली.

दोर सुटला, असं खोताच्या वाड्यात म्हणतात. म्हणोत. चार जणांच्या हातातला दोर एकदमच कसा सुटतो, ते त्यांनी आम्हाला एकदा करून दाखवावं.

झिलबा जगला, पण उजवा हात कायमचा लोंबता राहिला. हाडवैद्यानं बांधलं, लेप लावले, काही उपयोग झाला नाही. खाडीनं ज्याच्याएवढा वल्हेकरी पाहिला नव्हता, त्याला आता पेजेची वाटी डाव्या हातानं उचलावी लागे. आणि धक्क्यावरचे तेच लोक, 'वा झिलबा' म्हणणारे, त्याच्या घरावरून जाताना पलीकडे बघून जाऊ लागले. खोताच्या कानावर जायला नको ना!

त्याच्या दारात गेली ती एक सरसोती. कालवण घेऊन गेली.

"वैनी, तू कित्याक इलंस?" झिलबा म्हणाला. "माझो हात गेलो. आता माझ्याकडे काय हा?"

"हात गेलो. तोंड गेला नाय," ती म्हणाली. "शिकवा."

"कोणाक? सगळे बापये खोताक बांधलेले. होडीत बसतलो कोण?"

"आमी बसतलंव."

झिलबाला हसू आलं. "बायांनी शर्यत मारूची?"

तेव्हा सरसोती अशी खवळली, की म्हणतात, चुलीतला विझलेला निखारा पुन्हा पेटला. "बाजारात मासळी घेऊन जाताना होडी कोण वल्हवता? तुमचो खोत? मीठ कोण आणता, लाकडां कोण आणता, आजारी पोराक पैलतीराच्या वैद्याकडे कोण नेता? तुमची आवस वल्हवत होती म्हणान तुमी होडीत जन्माक इलात!"

झिलबाचं हसू तिथेच थांबलं. आईचं वल्हवणं तो विसरला होता. तो उठून बसला.

होडी कुठून आणायची, हा प्रश्न होता. खोताचं लाकूड नको. कांदळवनात गावदेवीची जुनी होडी चिखलात पडून होती. पूर्वी तिच्यातून देवीची पालखी पैलतीराला जाई. देवीची होडी म्हणजे साऱ्या गावाची, तिच्यावर खोत हक्क सांगू शकत नव्हता. बायांनी ती उपसून काढली, फटींत काथ्या कोंबला, राळ लावली, मुशी माशाचं तेल पाजलं. खोत हसला आणि म्हणाला, "करा, करा. बुडाल तेव्हा ओरडू नका."

झिलबा शिकवायला लागला, आणि तो फार कडक गुरू निघाला. पहिला महिना त्यानं कोणाला पाण्याला पाय लावू दिला नाही. वाळूत बसवायचा, माडाला दोर बांधायचा आणि तो ओढायला लावायचा. पाठ न लावता नुसत्या हातानं ओढलं की ओरडायचा, "हातान नको गो, पाटीन! पाटीन ओढ!" असं म्हणतात, की त्या आठजणींनी ओढून ओढून किनाऱ्यावरचे आठ माड खाडीकडे वाकवले. पाहुणे म्हणतात, वाऱ्यानं वाकलेत. वारा फक्त आठच माड निवडतो वाटतं!

मग पाण्यावर. तो मागे सुकाण्याशी बसे, डावा हात सुकाण्यावर, आणि सगळं तोंडानं. भरती कुठल्या काठानं जोरात चढते, कुठे पाणी वळतं, धारदार शिंपल्यांच्या कालवांचे खडक कुठे दबा धरून असतात, जे त्याच्या अंगात मुरलं होतं ते त्यानं एकेक करून त्यांच्या अंगात उतरवलं. एकदा एक जण खोताला शिव्या देत वल्हं मारत होती. तिला म्हणाला, "राग तोंडान काढू नको. तोंडान काढलो तर वाऱ्यार जाता. पाटीन काढ, होडी पुढे जायत."

गावातले पुरुष काय करत होते? हसत होते. एकानं बायकोचं वल्हं माळ्यावर लपवून ठेवलं. दुसऱ्यानं सांगितलं, होडीत बसलीस तर घरात येऊ नको. आपली मासळी परत मिळवायला बायका निघाल्या होत्या, आणि नवरे त्यांची वल्ही लपवत होते! सांगताना आजही तोंड कडू होतं. आणि तेच पुरुष खोताच्या होडीत जाऊन बसले. झिलबाच्या बाकावर बसला धाकू, सरसोतीचा सख्खा धाकटा दीर.

पहिल्या वर्षी देवीची होडी शेवटची आली. इतकी शेवटची, की धक्क्यावरची माणसं जेवायला गेली होती. जे उरले होते त्यांनी गुळाचे खडे होडीवर भिरकावले आणि "घ्या बक्षीस" म्हणाले. एक खडा झिलबाच्या कपाळाला लागला. त्यानं रक्त पुसलं आणि बायकांना एवढंच म्हणाला, "उद्या सकाळच्या भरतीक या." आठहीजणी गेल्या.

दुसऱ्या वर्षीची त्रिपुरी. कावळखडकावरून या वेळी सहा होड्या सुटल्या, आणि पहिल्या वळणावरच लोकांना कळलं की आज काही वेगळं आहे. देवीची होडी पाण्यावरून चालत नव्हती, घसरत होती. आठ पाठी एकदम वाकत, एकदम उठत. असं म्हणतात, की होडीखालचं पाणी गरम झालं आणि बोयटी मासे दोन्ही बाजूंनी उड्या मारत बरोबर निघाले. एक होडी मागे पडली, दुसरी पडली, तिसरी पडली, चौथी पडली. पुढे उरली एक खोताची.

खोतानं आपल्या सुकाणूवाल्याला आधीच सांगून ठेवलं होतं. बायका जवळ आल्या तर होडी आडवी घाल, मोडली तर मोडू दे. तसं त्यानं केलं. कालवांच्या खडकांपाशी खाडी अरुंद होते, तिथे त्यानं होडी वळवून देवीच्या होडीवर घातली. झिलबा ओरडला, "डावी बाजू थांब! उजवी ओढ!" आणि देवीची होडी मासोळीसारखी फिरून बाजूनं निसटली. खोताची होडी वेगात होती, ती थेट खडकावर गेली. फळ्या फुटल्या. सगळी माणसं भरतीच्या लोंढ्यात पडली, कालवांच्या धारेनं कापली गेली, गटांगळ्या खाऊ लागली.

पुढे खाडी मोकळी होती. धक्का दिसत होता. खुर्चीतून उठून उभा राहिलेला खोत दिसत होता.

"ओढा!" झिलबा ओरडला.

सरसोतीनं वल्हं पाण्याबाहेर उचलून धरलं. बाकी सातजणींचीही थांबली.

"ओढा म्हणतंय ना! तेंनीच दोर सोडलो! माझो हात तेंनी खाल्लो!"

"माका ठावक हा," सरसोती म्हणाली. "म्हणान तेंका बुडाक सोडूचे? आमचे घोव हत ते, भाव हत. उद्या सकाळी माशे पकडूक कोणाबरोबर जातलंव?"

एवढ्या दिवसांचा राग, लोंबता हात, कपाळावरचा व्रण, सगळं त्याच्या डोळ्यांत आलं. त्याला जिंकायचं होतं, आणि ती माणसं बुडताना त्याला बघायचीही होती. ही गोष्ट सांगताना काही जण इथे त्याला लगेच देव करून टाकतात. तो देव नव्हता. तो कितीतरी वेळ धक्क्याकडे बघत राहिला. मग त्याच्या डाव्या हातानं सुकाणू फिरवलं, आणि देवीची होडी उलटी वळली.

मागच्या चार होड्यांनी ते पाहिलं. त्या चार गावांना तिथून सरळ पुढे जाऊन मान घेता आला असता. पण त्यांनीही वल्ही उचलून धरली. एकही होडी पुढे गेली नाही.

बायांनी एकेक माणूस वर ओढून घेतला. आठजणींची होडी सोळांच्या वर भरली, पाणी कडेपर्यंत आलं. आणि तोवर भरतीची वेळ संपत आली होती. आता पाणी उतरणार आणि ही भरलेली होडी समुद्राकडे ओढली जाणार, हे प्रत्येकाला दिसत होतं. पण असं म्हणतात, की त्या दिवशी खाडी उतरली नाही. भरती चढतच राहिली. तिनं देवीची होडी आपल्या पाठीवर घेतली आणि बाकीच्या चार होड्या तिच्या मागोमाग धक्क्याला आल्या.

खोत म्हणाला, "बायांची शर्यत धरत नाहीत." पाणी एक पायरी चढलं.

खोत म्हणाला, "माझी होडी मोडली, भरपाई द्या." पाणी आणखी एक पायरी चढलं.

खोत म्हणाला, "हा लुळा माझ्या तुकड्यांवर वाढला." पाणी त्याच्या खुर्चीच्या पायांना लागलं.

तेव्हा होडीतून धाकू उतरला. त्याच्या अंगातून रक्त गळत होतं. तो सगळ्यांदेखत म्हणाला, "दोर आमी सोडलो. खोतान सांगितल्यान, म्हणान सोडलो. मी सोडलंय." मग तो झिलबाच्या पायाशी बसला आणि लहान मुलासारखा रडला.

झिलबानं त्याला जवळ घेतलं नाही. माफ केलं असंही म्हणाला नाही. "उद्या सकाळी भरतीक ये," एवढंच म्हणाला. "तुझी पाट वाकडी हा. हातान ओढतंस."

धक्क्यावरची माणसं खोताकडे वळली. कुणी हात उगारला नाही, कुणी शिवी दिली नाही. पाचही गावं नुसती त्याच्याकडे बघत उभी राहिली, आणि पाणी त्याच्या गुडघ्यांपर्यंत आलं. त्याची छत्री वाहून गेली. त्यानं खांद्यावरचा शेला काढून पाण्यावर ठेवला. शेला तरंगत गेला, उचलायला कुणी वाकलं नाही. मग खाडीनं एक मोठा श्वास टाकला आणि ओहोटी लागली. त्या वर्षापासून मुखाशी पाचही गावांची जाळी लागतात, आणि निम्मी मासळी कुणाच्या अंगणात जात नाही.

झिलबा पुढे म्हातारा होईपर्यंत शिकवत राहिला. पाची गावांना शिकवलं, बायांना शिकवलं, बाप्यांना शिकवलं, पैलतीरावर जाऊन आपल्या गावाला हरवायलाही शिकवलं. स्वभाव काही निवळला नाही. एका दुपारी तो वाळूत बसून नव्या होडीवर ओरडत होता, "हातान नको रे, पा..." आणि तिथेच त्याचा प्राण गेला. होडीतल्यांना ते कळलं नाही. त्यानं थांबा म्हटलं नव्हतं, म्हणून ते ओढत राहिले, आणि असं म्हणतात, की कावळखडकाच्याही पुढे, समुद्राच्या काळ्या पाण्यापर्यंत जाऊन मग परतले.

आजही त्रिपुरीला धामोळीच्या खाडीत शर्यत होते. जी होडी पहिली येते ती धक्क्याला टेकत नाही. धक्क्याजवळून वळते, परत जाते, आणि सगळ्यात मागे राहिलेल्या होडीला बरोबर घेऊन येते. दोन्ही एकदम लागल्या की शर्यत संपली. याला 'झिलबाचं वळण' म्हणतात. ते घेतल्याशिवाय कुणी जिंकत नाही.

आणि एक सांगायचं राहिलं. हल्ली धक्का सिमेंटचा झाला आहे. त्यावर संगमरवरी पाटी आहे, आणि पाटीवर लिहिलं आहे: 'जलक्रीडेचे आश्रयदाते कै. रावजी खोत यांच्या स्मरणार्थ'. आश्रयदाते! खोताच्या पणतवंडांनी बसवली, मोठी माणसं येऊन नारळ फोडून गेली. झिलबाचं नाव नाही, सरसोतीचं तर नाहीच नाही.

पण दर त्रिपुरीला सकाळी उठून बघावं, तर ती पाटी खाडीच्या चिखलानं पुरती लिंपलेली असते. दुपारी ग्रामपंचायतीचा माणूस येऊन ती धुतो, आणि पुढच्या त्रिपुरीला चिखल पुन्हा तिथे असतो. कोण लावतं म्हणून एकदा पोलीसही विचारायला आले होते. सगळ्या गावानं एका तोंडानं सांगितलं, भरतीचं पाणी चढतं तिथवर.